उद्याचं पहिलं तोंड

१

घटसर्पाच्या रोग्याला मी पहिला प्रश्न रोगाचा कधीच विचारत नाही. बाकीचे तपासनीस खुर्ची ओढतात आणि सुरू करतात, "मागच्या सहा दिवसांत कुणाकुणाच्या संपर्कात आलात?" माणूस बावचळतो. संपर्क म्हटलं की त्याला चोरी पकडल्यासारखं वाटतं आणि तो "कुणाच्याच नाही हो" म्हणून मोकळा होतो. मी विचारते, "आज सकाळी उठल्यावर पहिलं तोंड कुणाचं पाहिलंत?" कामं बिघडली की हा प्रश्न घरोघरी विचारला जातोच. त्यामुळे माणूस हसतो, आणि हसलेला माणूस खरं सांगतो. मग दुसरं तोंड, तिसरं तोंड, निजायच्या आधीचं शेवटचं तोंड. मग काल. मग परवा. असे सहा दिवस.

घटसर्प घशात बसतो. टॉन्सिलवर करडा पापुद्रा धरतो. ओढून काढायला गेलं तर रक्त येतं. मान सुजते, आवाज नाकात जातो, प्यायलेलं पाणी नाकातून परत येतं. पापुद्र्यात जे विष तयार होतं ते हळूच हृदयापर्यंत पोचतं, आणि बरा होत आलेला माणूस चार पावलं चालायला म्हणून उठतो तो कोसळतोच. हे सगळं डॉक्टरांचं खातं. तो एका तोंडातून दुसऱ्या तोंडात कसा गेला, हे माझं. सव्वीस वर्षं मी हे काम करते आहे आणि माझं कौतुक मीच करते, कारण दुसरं कुणी करत नाही. माझ्यासारखा तक्ता आमच्या खात्यात आजवर कुणाला काढता आलेला नाही. प्रत्येक रोग्याचं एक वर्तुळ, त्यातून पुढच्या रोग्याकडे एक रेघ. ज्या वर्तुळातून पुढे रेघ निघत नाही तिथे साथ संपली. आमचे डॉक्टरसाहेब नव्या मुलींना माझे तक्ते दाखवतात. वस्तीत मला चौकशीबाई म्हणतात. पाठीमागे आणखी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. त्याचीही मी चौकशी केली आहे.

तक्त्याचा एकच कडक नियम. विचारणारा धरायचा नाही. मी रोग्याला भेटते ती रोगानंतर, मास्क बांधून. माझं वर्तुळ तक्त्यात येत नाही.

एवढी मी शहाणी, आणि माझ्याच घरात माझ्या नातीचा पाचव्या वर्षीचा डोस राहून गेला होता. तिचं नाव घरात ठमी. डोसाच्या दिवशी तिला सर्दी झाली, मी म्हटलं पुढच्या आठवड्यात बघू, आणि पुढच्या आठवड्यात लस संपली. साथ सुरू झाली तरी नवी पेटी आली नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. ही गोष्ट मी कार्यालयात कुणालाही सांगितली नव्हती.

२

बेकरीतला भट्टीवाला हा आमचा सातवा रोगी. विलगीकरण वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर बसला होता, मान फुगून हनुवटीला लागलेली. मी प्रश्न विचारत गेले, तो नाकातल्या आवाजात उत्तरं देत गेला. पहिलं तोंड बायकोचं, दुसरं गिरणीवाल्याचं, तिसरं मेव्हण्याचं. सगळं झाल्यावर म्हणाला, "बाई, एक विचारू? हे तुम्ही दुसऱ्यांदा का लिहून घेताय?"

"दुसऱ्यांदा कुठे? आज पहिल्यांदाच भेटतोय आपण."

"मागच्या आठवड्यात नाही का तुम्ही घरी आला होता? मी तेव्हा चांगला होतो. मी बायकोला म्हटलंसुद्धा, अजून कशात काही नाही आणि चौकशी आली."

ताप होता त्याला. तापात माणूस काय वाट्टेल ते बोलतो. एकदा एका रोग्याने मला आपली सासू समजून तासभर माफी मागितली होती. मी काही ते कागदावर घेतलं नाही.

३

मास्तरांना मात्र ताप नव्हता. निवृत्त गणिताचे मास्तर, एकटे राहणारे, घशात पापुद्रा असूनही वॉर्डातल्या अंथरुणाची घडी कोपऱ्याला कोपरा लावून घालणारे. त्यांनी सहा दिवसांची तोंडं वेळेसकट सांगितली. मी खूश झाले. असा रोगी वर्षात एखादा मिळतो.

"पण या खेपेला तुमचं काम जरा ढिलं वाटलं," मास्तर म्हणाले.

मला कुणी असं म्हटलेलं नाही. मी पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे?"

"सोमवारी साडेदहाला आलात तेव्हा जास्त नीट विचारलंत. मध्ये कुठे अडखळला नाहीत. आणि शेवटचा प्रश्न आज गाळलात."

"मास्तर, सोमवारी तुम्ही आजारी नव्हता. मी तुमच्याकडे कशाला येईन?"

"ते तुम्ही सांगायचं. माझ्या घरी, माझ्या खुर्चीत बसलात. हाच डावा पाय ओढत जिना चढलात, मी वरून आवाज ऐकला. फक्त हा मास्क नव्हता." त्यांनी अंथरुणाचा कोपरा सारखा केला. "हसता छान तुम्ही. मास्कमुळे कळत नाही."

माझा डावा गुडघा सात वर्षांपूर्वी गेला. एक पाऊल पूर्ण पडतं, दुसरं अर्धं. पण मी हसत नाही. कामावर नाही आणि घरीही बेताचंच. लेक म्हणते, आईचं हसू जपून ठेवलेलं आहे, लग्नकार्यात काढते.

"शेवटचा प्रश्न कोणता होता?" मी विचारलं.

"उद्या सकाळी पहिलं तोंड कुणाचं पाहणार?"

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"शिंपीणबाईंचं. समोर राहतात. उसवलेली बाही द्यायची होती, म्हणून सकाळी आधी त्यांच्याकडेच जाणार होतो. गेलोही."

४

मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. सोमवारी साडेदहाला मी साहेबांच्या बैठकीत होते. हजेरीवर माझी सही होती आणि माझ्या शेजारी बसून लॅबवाला डुलक्या काढत होता, त्याचा घोरण्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला होता. तरीही मी लॅबवाल्याकडे गेले आणि तोंड उघडलं.

"घ्या माझ्या घशातला नमुना."

"तुमचा, बाई? तुम्हाला काही होतंय?"

"काही होत नाही, म्हणूनच घ्या. माणूस ठणठणीत राहून घशात जंतू बाळगतो आणि वाटत सुटतो, हे तुम्हाला मी सांगायला हवं?"

त्याने तीन दिवस लागोपाठ नमुने घेतले. तिन्ही स्वच्छ. चौथ्या दिवशी म्हणाला, "बाई, तुमच्या घशात राहायची जंतूंची हिंमत नाही." मला हायसं वाटलं. पण प्रश्न सुटला नव्हता. माझ्यासारखी दिसणारी कुणी तोतया घरोघरी फिरत असेल, तर ती पकडायला हवी होती. तसं साहेबांना सांगायचं माझ्या जिवावर आलं. लोकांना मी आणि तोतया यांत फरक कळला नाही, आणि कळला तो एवढाच की तोतया जास्त चांगली, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

मी वॉर्डात परत गेले आणि प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारले. आधी घरी चौकशी आली होती का? उद्याचं तोंड कुणाचं सांगितलंत? अकराच्या अकरा जणांकडे आली होती. भट्टीवाल्याने मेव्हण्याचं नाव सांगितलं होतं. मेव्हणा दोन खाटा पलीकडे झोपला होता. मेव्हण्याने रिक्षावाल्याचं सांगितलं होतं. रिक्षावाला भिंतीकडच्या खाटेवर. ज्याचं नाव घेतलं गेलं त्याच्याकडे ती बाई जात होती, आणि ती जाऊन गेली की दोन-तीन दिवसांत त्या घशात पापुद्रा धरत होता.

दुपारी मी नवा कागद घेतला आणि तक्ता पुन्हा मांडला, उद्याच्या तोंडांवरून. माझ्या आधीच्या तक्त्यात चार वर्तुळं सुटी राहिली होती, कुठून रेघ आणावी कळत नव्हतं. या तक्त्यात एकही सुटं राहिलं नाही. पहिल्यापासून अकराव्यापर्यंत सरळ रेघ. रेघेला रेघ लागलेली. सव्वीस वर्षांत इतका देखणा तक्ता माझ्या हातून उतरला नव्हता. मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, आधी मत्सर वाटला.

अकरावं वर्तुळ मास्तरांचं. त्यातून रेघ निघाली ती शिंपीणबाईंकडे. त्या अजून आमच्या यादीत नव्हत्या.

५

शिंपीणबाई तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि तिथेच शिवतात. माझ्याही घरचं सगळं शिवण त्यांच्याकडेच असतं. ठमीचा झगा आठवडाभर त्यांच्या मशीनवर पडला होता. मी मास्क बांधला आणि जिना चढू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळचे अकरा वाजले होते, जिन्यात स्वच्छ उजेड होता. दुसऱ्या मजल्यावर गुडघा बोलायला लागला म्हणून मी कठड्याला धरून उभी राहिले.

पावलांचा आवाज थांबला नाही.

एक पूर्ण, एक अर्धं. एक पूर्ण, एक अर्धं. मी उभी होते आणि माझं चालणं खाली उतरत होतं. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. खाली कुणी नव्हतं. वर पाहिलं, वरही कुणी नव्हतं. जिना अरुंद आहे, दोन माणसं एकमेकांना चुकवून जाऊच शकत नाहीत; अंग चोरावं लागतं. माझ्या अंगाला कुणाचाही धक्का लागला नव्हता. मी स्वतःला समजावलं की जुन्या इमारतीत शेजारच्या जिन्याचा आवाज भिंतीतून येतो. मग आठवलं की या इमारतीला जिना एकच आहे.

शिंपीणबाईंचं दार उघडंच होतं. त्या मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या, "काय विसरलात?"

"मी आत्ता येतेय."

"हो का? मग आत्ता खुर्चीत बसून माझं डोकं खाल्लं ते कुणी?" त्यांनी वर पाहिलं. "हे फडकं कशाला बांधलंत परत? चांगल्या हसत बोलत होतात."

मशीनसमोरची खुर्ची माझ्याकडे तोंड करून होती. तिच्यावरची गादी दबलेली होती आणि मी पाहत असताना हळूहळू वर येत होती. मी खिडकीशी गेले. खाली रस्त्यावर माणसांत एक पाठमोरी बाई जात होती. राखी पिशवी खांद्याला, केसांचा आवळून बांधलेला अंबाडा, मानेवर लहानपणीच्या भाजल्याचा डाग. तो डाग मी कधी पाहिलेला नाही. माझा मला दिसत नाही. आई सांगायची की आहे.

"तिनं तुम्हाला उद्याचं विचारलं?" मी खिडकीशी उभी राहूनच म्हणाले.

"कुणी तिनं?"

"मी. मी विचारलं?"

"विचारलंत की. उद्या सकाळी पहिलं तोंड कुणाचं पाहणार म्हणून. मी म्हटलं, तुमच्या लेकीचा निरोप आलाय, उद्या उजाडताच नातीला झगा घालून बघायला आणतेय. तर तुमच्या ठमीचंच पाहीन."

मी त्यांना रोग होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या दिल्या, आज दार बंद ठेवा म्हणाले, लॅबवाल्याला त्यांच्याकडे पाठवायचं फोनवर सांगितलं. आवाज स्थिर होता माझा. हातही. पुढे चाळीस पायऱ्या मी कशा उतरले ते मात्र मला आठवत नाही.

६

घरी लेक कपडे वाळत घालत होती. मला पाहून म्हणाली, "अगं, तू बाहेर कधी गेलीस? आत्ता तर ठमीजवळ बसली होतीस."

ठमी आतल्या खोलीत फरशीवर मांडी घालून बसली होती. गाल लाल, केस विस्कटलेले, तब्येत ठणठणीत. पुढ्यात एक कागद होता. "आजी, परत खेळूया? मी सगळी तोंडं बरोब्बर सांगितली. एकसुद्धा चुकलं नाही."

मी तिच्यापासून चार हात लांब बसले. "आणि शेवटचा प्रश्न?"

"उद्या सकाळी पहिलं तोंड कुणाचं पाहणार? त्याचंही उत्तर सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"कुणाचंच नाही."

"कुणाचंच नाही म्हणजे?"

"उद्या बालवाडीला सुट्टी आहे ना. मी म्हटलं, मी उठणारच नाही." ती स्वतःवर फार खूश होती. "तू शाबास म्हणालीस. आणि किती हसलीस."

मी कागद उचलला. माझाच तक्ता होता, माझ्याच हातचा, पण मला कधी जमल्या नाहीत अशा सरळ रेघा. अकरा वर्तुळं, बारावं शिंपीणबाईंचं, तेरावं ठमीचं. तेराव्यातून पुढे रेघ निघत नव्हती. शेवटचं वर्तुळ. अशा वर्तुळासाठी सव्वीस वर्षं मी उन्हातान्हात वणवण केली, आणि ते सापडलं की त्या दिवशी मला जेवण गोड लागतं. कागद हातात घेतल्यावर क्षणभर, अगदी क्षणभर, मला तसंच बरं वाटलं. त्याची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

"हिला घेऊन वॉर्डात चल," मी लेकीला म्हणाले. "कपडे राहू देत."

७

साहेबांनी ठमीचा घसा पाहिला. लालसुद्धा नव्हता. "बाई, हिला काही झालेलं नाही."

"होईल. हिचा डोस राहिलाय. माझ्यामुळे."

त्यांनी बॅटरी विझवली. मग म्हणाले, "तुमचा तक्ता आजवर चुकलेला नाही. राहू दे हिला इथेच." त्या एका वाक्यासाठी मी सव्वीस वर्षं घासली असं समजा. दर दोन तासांनी बॅटरी लावून घसा बघायचं ठरलं. या वेळी दोन-तीन दिवससुद्धा लागले नाहीत; संध्याकाळी सहाला डाव्या टॉन्सिलवर मोहरीएवढा करडा ठिपका दिसला, आणि सव्वासहाला विषावरचं इंजेक्शन तिच्या अंगात होतं. इतक्या लवकर पकडलेला घटसर्प पाहिला नाही, असं साहेब म्हणाले. पापुद्रा पसरला तो थोडाच. आवाज मात्र नाकात गेला आणि रात्री पाजलेलं पाणी नाकातून परत आलं. लेक दाराबाहेर बाकावर बसून होती, तिला आत घेतलं नाही. मी खाटेला लागून बसले, मास्क काढून.

नर्स ओरडली. मी म्हटलं, "ओरडा. पण मास्क बांधणार नाही. पोरीने डोळे उघडले की तिला तोंड दिसायला हवं."

उजाडलं तेव्हा ठमी हलत नव्हती. मी तिच्या तोंडावर वाकून बसले, दुसरं काही तिच्या नजरेत येऊच नये इतकी जवळ. तिचा श्वास माझ्या ओठांना लागत होता. खिडकीतलं ऊन भिंतीवरून खाटेच्या पायांपर्यंत उतरलं. मग तिच्या पापण्या हलल्या. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नाकातून म्हणाली, "आजी, तुझं तोंड केवढं मोठं दिसतंय."

मी पिशवीतून तो कागद काढला आणि तेराव्या वर्तुळातून एक रेघ ओढली. तिच्या टोकाला चौदावं वर्तुळ काढून आत माझं नाव लिहिलं. आजवर मी साखळ्या तोडत आले. ही मी माझ्या हाताने पुढे नेली आणि मला तिचा अभिमान आहे.

साडेदहाला बाहेरच्या पॅसेजमध्ये पावलं वाजली. एक पूर्ण, एक अर्धं. मी दाराकडे पाहिलं नाही. स्टूल ओढल्याचा आवाज आला, पिशवी मांडीवर ठेवल्याचा, कागद उलगडल्याचा. मग मला मान वर करावी लागली. मी तिला नीट पाहिलं असं म्हणणार नाही. तोंडावर हसू होतं तेवढं पाहिलं. मास्तर खोटं बोलले नव्हते. छान होतं.

तिने विचारलं, मी सांगितलं. सहा दिवस, एकही तोंड न गाळता. ती अडखळली नाही, मीही अडखळले नाही. कुणी बघत असतं तर त्याला दोन जातिवंत कामगार दिसले असते. शेवटी तिने पेन्सिल कागदावर टेकवली.

"उद्या सकाळी पहिलं तोंड कुणाचं पाहणार?"

"तुझं," मी म्हणाले.

पेन्सिल हलली नाही. विचारणारा तक्त्यात धरायचा नाही, हा नियम तिचाही होता. शेजारून ठमीने पाणी मागितलं. मी समोरच्या बाईवरची नजर न काढता पेला उचलून पोरीच्या ओठांना लावला. ती घटाघटा प्यायली. एक थेंब परत आला नाही.

बाई अजून स्टुलावर बसलेली आहे. पेन्सिल तिथेच टेकलेली, वर्तुळ काढायचं राहिलेलं. हसणं तेवढं थांबलंय. मला काही घाई नाही.